स्टीम आणि इतर डिजिटल दुकानांवर इंडी गेम आणताना: दर्जा तपासणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एक ते पाच माणसांच्या टीमसाठी आहे. भर पीसी आणि स्टीमवर (व्हॉल्व्ह कंपनीचं पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) आहे, कारण बहुतेक स्वतंत्र गेम तिथेच आधी येतात. एपिक, इच, कन्सोल आणि मोबाइलबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे.

स्टीम गेम तपासूनच विकायला ठेवतं ना? मग आम्ही वेगळी तपासणी कशाला करायची?

स्टीम दोन गोष्टी तपासतं: दुकानाचं पान आणि बिल्ड, म्हणजे खेळाडूला द्यायची गेमची चालणारी प्रत. पानावरची चित्रं, वर्णन आणि प्रौढ मजकुराची माहिती नियमात बसते का, हे पाहतात. बिल्डच्या बाबतीत गेम उघडतो का, पानावर कंट्रोलर, अचिव्हमेंट किंवा क्लाउड सेव्ह असं लिहिलं असेल तर ते खरंच आहे का, आणि गेम संगणकाला अपाय करत नाही ना, एवढं पाहतात. तिसऱ्या लेव्हलमध्ये दार अडकतं, चार तासांनी मेमरी संपते, सेव्ह उडते, यातलं काहीही या तपासणीत सापडेल असं धरू नका. तपासणाऱ्या माणसाला तेवढा वेळच नसतो.

शिवाय एकदा गेम प्रकाशित झाला की पुढचे पॅच स्टीम पुन्हा तपासत नाही. तुम्ही बिल्ड लाइव्ह केलं की ते थेट खेळाडूंच्या संगणकावर उतरतं. दर्जाची जबाबदारी पहिल्या दिवसापासून तुमच्यावरच आहे, हे धरून कामाचं वेळापत्रक आखा.

पूर्वी स्टीम गेम निवडून घ्यायचं. ते का बदललं?

सुरुवातीला व्हॉल्व्हची माणसं स्वतः निवड करत. ऑगस्ट २०१२ मध्ये ग्रीनलाइट आलं आणि खेळाडूंच्या मतांवर गेम आत येऊ लागले. मतं गोळा करण्यासाठी फुकट ‘की’ (गेम मिळवून देणारे कोड) वाटणं, विकत घेतलेला नमुना प्रकल्प नुसतं नाव बदलून आणणं, असे प्रकार वाढले. जून २०१७ मध्ये ग्रीनलाइट बंद होऊन स्टीम डायरेक्ट सुरू झालं: प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरा, कागदपत्रं द्या आणि गेम आणा. गेमची कमाई १,००० डॉलरवर गेली की ही फी परत मिळते. जून २०१८ मध्ये व्हॉल्व्हने जाहीरच केलं की बेकायदा किंवा निव्वळ खोडसाळ नसलेलं सगळं दुकानात येऊ देऊ. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून अधिक गेम आले.

याच्या अगदी उलट टोक १९८५ च्या सुमारास निन्टेन्डोने गाठलं होतं. अमेरिकेत १९८३ मध्ये व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. तो अनुभव समोर ठेवून त्यांनी कन्सोलमध्ये कुलूप-चिप बसवली, खोक्यावर दर्जाचा शिक्का आणला आणि बाहेरच्या प्रकाशकांना वर्षाला मोजकेच गेम काढायची मुभा दिली. आजच्या कन्सोलवरची कडक तपासणी त्याच परंपरेतली. पीसीवर मात्र दार उघडं आहे आणि गाळणी दारानंतर लागते: रिफंड, रिव्ह्यू आणि शोधात मिळणारी जागा.

फी भरल्यापासून प्रकाशनापर्यंत किती दिवस धरायचे?

फी भरल्यावर किमान ३० दिवस गेम प्रकाशित करता येत नाही. ‘लवकरच येत आहे’ हे पान किमान दोन आठवडे लोकांसमोर असावं लागतं. पानाच्या आणि बिल्डच्या तपासणीला साधारण ३ ते ५ कामाचे दिवस लागतात. पण एकदा परत आलं तर तेवढेच दिवस पुन्हा जातात, म्हणून दोन फेऱ्या धरून तारखेच्या तीन आठवडे आधी बिल्ड द्या. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या शेवटी अमेरिकेत सुट्ट्या असतात, तेव्हा आणखी एक आठवडा जोडा. तारीख दोन आठवड्यांवर आली की ती स्वतःहून बदलता येत नाही, स्टीमच्या सपोर्टला लिहावं लागतं.

तपासणीला पूर्ण झालेलंच बिल्ड द्यावं लागतं असं नाही. पानावर लिहिलेली वैशिष्ट्यं चालू असलेलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येणारं बिल्ड पुरतं. छोट्या दुरुस्त्या नंतर करता येतात.

आमचं बिल्ड परत आलं. साधारण काय चुकतं?

बहुतेक वेळा कोडमध्ये काही चुकलेलं नसतं, चूक मांडणीची असते. सगळ्यात जास्त दिसणारी ही: लाँच पर्यायात लिहिलेलं ईएक्सई फाइलचं नाव आणि डेपोमधल्या (स्टीमवर चढवलेला गेमच्या फाइलींचा गठ्ठा) फाइलचं नाव जुळत नाही. नावात एखादी मोकळी जागा किंवा आवृत्तीचा आकडा वाढलेला असतो आणि ‘एक्झिक्युटेबल सापडत नाही’ असं दिसतं. दुसरी चूक लक्षात यायला जास्त वेळ लागतो. डेपो फक्त डेव्हलपरच्या पॅकेजमध्ये (कुणाला कोणते डेपो मिळतात त्याची यादी) जोडलेला असतो, विक्रीच्या पॅकेजमध्ये नसतो. तुमच्या खात्यावर गेम नीट उतरतो, विकत घेणाऱ्याला मात्र रिकामं फोल्डर मिळतं. म्हणून ज्या खात्याचा तुमच्या स्टीमवर्क्सशी (स्टीमची डेव्हलपरसाठीची साइट) काही संबंध नाही, अशा खात्यावर की टाकून गेम उतरवून बघा. की काढताना ती विक्रीच्या पॅकेजच्या मजकुराशी जुळणारी आहे ना, तेही पाहा.

तिसरं कारण व्हिज्युअल सी++ च्या रनटाइम फाइलींचं, म्हणजे गेम चालायला विंडोजवर लागणाऱ्या जोडफाइलींचं. तुमच्या संगणकावर त्या इतर सॉफ्टवेअरबरोबर आधीच आलेल्या असतात, नव्या संगणकावर नसतात. स्टीमवर्क्सच्या इन्स्टॉलेशन विभागात त्यासाठी एक खूण करायची असते, ती राहून जाते.

पानाच्या बाबतीत मुख्य चित्रावर पुरस्कार, रिव्ह्यूतली वाक्यं किंवा सवलतीचा मजकूर टाकता येत नाही. सप्टेंबर २०२२ पासून हा नियम आहे. चित्रात गेमचं नाव आणि कलाकृती, एवढंच ठेवा. स्क्रीनशॉट किमान पाच लागतात आणि ते खरे खेळतानाचे हवेत.

पान आणि गेम यांत थोडा फरक असला तर चालतं का?

नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ‘द वॉर झी’ या गेमच्या पानावर गेममध्ये नसलेल्या गोष्टी लिहिलेल्या होत्या. खेळाडूंनी आवाज उठवला आणि व्हॉल्व्हने विक्री थांबवून पैसे परत दिले. आज एवढा गाजावाजा होण्याचीही वाट पाहावी लागत नाही, पहिल्या दोन तासांतच रिफंड येतात. प्रकाशनाच्या आठवड्यात एका माणसाने पान छापून घ्यावं आणि प्रत्येक वाक्यासमोर ‘गेममध्ये कुठे आहे’ ते लिहावं. ज्यासमोर काही लिहिता येत नाही ते वाक्य काढून टाका.

तपासणी कधी सुरू करायची?

पहिलं खेळता येणारं बिल्ड तयार होईल त्याच आठवड्यात. त्या वेळी बग शोधण्यापेक्षा सवय लावणं महत्त्वाचं: रोज एक बिल्ड आपोआप बनवायचं, मुख्य मेनूच्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा दाखवायचा, प्रत्येक बिल्डच्या सिम्बॉल फाइल जपून ठेवायच्या. सिम्बॉल नसतील तर सहा महिन्यांनी आलेला क्रॅश रिपोर्ट म्हणजे नुसते आकडे. कोणत्या ओळीवर गेम पडला ते कळत नाही.

प्रकाशनाआधीचे शेवटचे सहा ते आठ आठवडे तपासणीसाठी राखा. त्यातले शेवटचे चार आठवडे नवीन काही घालू नका, फक्त दुरुस्त्या करा. शेवटच्या आठवड्यात केलेली ‘एवढीशी’ सुधारणा ही मोठ्या बगची सगळ्यात नेहमीची जन्मकथा आहे.

आमच्या संगणकावर गेम झकास चालतो. आणखी कुठे तपासायचा?

गेम बनवणाऱ्याचा संगणक खेळाडूच्या संगणकासारखा कधीच नसतो. किमान एवढं जमवा: इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सचा, ८ जीबी रॅमचा, १३६६ × ७६८ पडद्याचा एक जुना लॅपटॉप. असा लॅपटॉप घरात किंवा शेजारी कुणाकडे तरी सापडतोच. सेटिंगच्या खिडकीतलं ‘लागू करा’ हे बटण पडद्याबाहेर जातंय, हे तिथेच कळतं. विंडोजमध्ये अक्षरांचा आकार १२५ किंवा १५० टक्के केलेला असतानाही बघा. गेम एसएसडीऐवजी जुन्या हार्ड डिस्कवर टाका. लोड होण्याआधीच कोड एखादी वस्तू मागतो, असे बग तिथेच वर येतात.

मग १४४ हर्ट्झचा मॉनिटर. उडीची उंची किंवा शत्रूचा वेग फ्रेमला बांधलेला असेल, तर ६० वर नीट वाटणारा गेम १४४ वर पळत सुटतो आणि ३० वर रांगतो. मॉनिटर नसेल तर फ्रेमची मर्यादा हाताने ३०, ६०, १४४ अशी बदलून तीच एक लेव्हल खेळा. मेनूमध्ये फ्रेमला मर्यादा घातली आहे ना, तेही पाहा. नाहीतर साध्या मेनूवर ग्राफिक्स कार्ड शेकडो फ्रेम काढत बसतं, पंखा ओरडतो आणि गेम चुकीचा बनला आहे असा समज होतो.

रात्रभर गेम चालू ठेवून मेमरीचा आकडा दर दहा मिनिटांनी फाइलमध्ये लिहा. सकाळी आलेख चढता दिसला तर गळती आहे. लेव्हल बदलताना जुनी टेक्स्चर मोकळी न होणं, हे त्याचं नेहमीचं कारण. याशिवाय खेळता खेळता अल्ट-टॅब, लॅपटॉपचं झाकण लावून पुन्हा उघडणं, हेडफोन काढणं, दुसरा मॉनिटर लावणं, इंटरनेट तोडणं या प्रत्येक गोष्टीला दोन मिनिटं लागतात आणि बग मात्र हमखास मिळतात.

सेव्ह फाइलबद्दल एवढा आग्रह का?

कारण क्रॅश माफ होतो, वीस तासांची सेव्ह गेलेली माफ होत नाही. इथे कंजूषपणा करू नका.

सेव्ह कधीही थेट जुन्या फाइलवर लिहू नका. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहा, ती डिस्कवर खरोखर उतरली याची खात्री करा, मग नाव बदलून जुनीच्या जागी आणा आणि जुनी प्रत बॅकअप म्हणून राहू द्या. लिहिताना वीज गेली तरी दोनपैकी एक प्रत शाबूत राहते. फाइलच्या सुरुवातीला आवृत्तीचा आकडा ठेवा. वाचताना फाइल बिघडलेली निघाली तर गुपचूप नवा खेळ सुरू करू नका. बॅकअप उघडा आणि खेळाडूला तसं सांगा. गुपचूप सुरू झालेला नवा खेळ पाच मिनिटांनी ऑटोसेव्ह करतो आणि वाचवता आली असती ती फाइलही जाते.

जागेचा प्रश्न वेगळा. गेमच्या स्वतःच्या फोल्डरात सेव्ह ठेवली तर काही संगणकांवर लिहायची परवानगीच नसते. डॉक्युमेंट्समध्ये ठेवली तर वनड्राइव्ह ते फोल्डर हलवतं. वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात ठेवा आणि विंडोजवर वापरकर्त्याचं नाव देवनागरीत किंवा चिनीत असलेलं एक खातं बनवून तिथेही तपासा.

स्टीम क्लाउड दोन संगणकांवर तपासा, त्यातला एक ऑफलाइन ठेवून. आणि सेव्ह तेवढी क्लाउडवर जाऊ द्या, पडद्याचा आकार आणि ग्राफिक्सची सेटिंग नको. ती गेली तर डेस्कटॉपवरचं ४के सेटिंग स्टीम डेकवर (व्हॉल्व्हचा हातात धरायचा गेम-संगणक) उतरतं आणि खेळाडूला काळा पडदा दिसतो.

काही देशांतल्या खेळाडूंकडेच गेम बिघडतो. हे कसं शक्य आहे?

संगणकाच्या प्रदेश-सेटिंगमुळे. जर्मनीत दशांश चिन्ह म्हणजे स्वल्पविराम. फाइलमधलं १.५ तिथे १५ म्हणून वाचलं जातं किंवा वाचताच येत नाही, आणि शत्रू दहापट वेगाने येतो. तुर्की सेटिंगमध्ये रोमन लिपीतला मोठा ‘आय’ लहान करताना वरचा टिंब नसलेलं वेगळंच अक्षर मिळतं, मग फाइलची नावं जुळत नाहीत आणि गेम उघडतच नाही. थाई सेटिंगमध्ये बौद्ध सनावळीमुळे वर्ष ५४३ ने पुढे जातं. सी-शार्पमध्ये आकडे आणि तारखा लिहिता-वाचताना ‘इन्व्हेरिअंट कल्चर’ (प्रदेशानुसार न बदलणारी मांडणी) वापरा. विंडोजचा प्रदेश एकदा जर्मन, एकदा तुर्की, एकदा थाई करून पहिली लेव्हल खेळा. अर्ध्या तासाचं काम आहे.

गेममध्ये मराठी मजकूर द्यायचा आहे. काय तपासायचं?

मराठी गेम कमी आहेत, म्हणून जे येतात त्यांतली मराठी नीट दिसलीच पाहिजे. तुटकी जोडाक्षरं असलेला गेम आपल्याच माणसांना परका वाटतो.

देवनागरी दाखवायला फाँट पुरत नाही. अक्षरं एकमेकांत गुंफणारी यंत्रणा इंजिनमध्ये, म्हणजे गेम ज्या सॉफ्टवेअरवर बांधतात त्यात, लागते. अनरिअल आणि गोडो ४ मध्ये ती आहे, गोडो ३ मध्ये नव्हती. युनिटीच्या टेक्स्टमेश प्रो या मजकूर दाखवायच्या साधनात नाही. तिथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडके दिसतात. युनिटी ६ मधल्या यूआय टूलकिटच्या अ‍ॅडव्हान्स्ड टेक्स्ट जनरेटरमध्ये ही सोय आहे. इंजिन निवडतानाच हे पाहा. अर्ध्या कामानंतर कळलं तर सगळे मेनू पुन्हा मांडावे लागतात.

तपासणीसाठी एक ठरावीक पडदा करून ठेवा आणि त्यावर हे शब्द लिहा: किल्ला, सूर्य, कुऱ्हाड, दुसऱ्या, राष्ट्र, ज्ञान, स्त्री, शृंगार, कृष्ण, अ‍ॅप, ऑर्डर, मूर्तीं. ‘कुऱ्हाड’ आणि ‘दुसऱ्या’मधला ऱ्य-ऱ्ह बऱ्याच फाँटांत रफार होऊन बसतो, आणि तो मराठी वाचकाला लगेच खुपतो. फाँटला भाषा मराठी आहे असं सांगितलं तर नोटोसारख्या फाँटांत ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू हे फाँट ओपन फाँट लायसन्सखाली आहेत, गेमबरोबर देता येतात. यूनिकोड नसलेले जुने डीटीपी फाँट वापरू नका.

संवाद एकेक अक्षर करत उमटवायचे असतील तर सांभाळा. कोड एकेक चिन्ह मोजतो, त्यामुळे ‘क्षत्रिय’ लिहिताना आधी क, मग पाय मोडलेला क, मग क्ष असं लुकलुकत राहतं. पूर्ण अक्षर हे एकक धरा. गोडोमध्ये मजकूर आधी मांडून मग उमटवण्याचा पर्याय आहे. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत शिरतात किंवा कापल्या जातात.

‘पूर्ण कंट्रोलर सपोर्ट’ कधी लिहायचं?

माऊस-कीबोर्ड काढून टाकून, गेम सुरू करण्यापासून बाहेर पडेपर्यंत सगळं कंट्रोलरवर जमलं तरच. नाव टाइप करायची एक चौकट किंवा सुरुवातीचा एक लाँचरसुद्धा हा दावा खोटा ठरवतो. खेळताना कंट्रोलर सुटला तर गेम आपोआप थांबला पाहिजे.

स्टीम डेकच्या ‘व्हेरिफाइड’ शिक्क्यासाठी याशिवाय १२८० × ८०० पडद्यावर गेम नीट बसणं, पडद्यावर कंट्रोलरच्याच बटणांची चित्रं दिसणं, टाइप करायच्या जागी कीबोर्ड आपोआप वर येणं आणि अक्षरं वाचता येणं हे पाहतात. सगळ्यात लहान अक्षर ९ पिक्सेलपेक्षा कमी नको. आमच्या मते १२ च्या खाली जाऊच नये. देवनागरीला तर त्याहून मोठं हवं.

टेस्टर कुठून आणायचे आणि किती?

दोन वेगळी कामं आहेत. गेम समजतो का, हे बघायला एका फेरीत पाच नवी माणसं पुरतात. त्यांना काहीही न सांगता खेळू द्या आणि तुम्ही मागे गप्प बसा. बोलायचा मोह फार होतो, पण दुकानातून गेम घेणाऱ्याशेजारी तुम्ही बसलेले नसणार. एकदा खेळलेला माणूस पुढच्या फेरीला ‘नवा’ राहत नाही, म्हणून सगळे मित्र पहिल्याच आठवड्यात खर्च करू नका.

वेगवेगळ्या संगणकांवर गेम चालतो का, यासाठी माणसं जास्त लागतात. तिथे स्टीम प्लेटेस्ट वापरा. ते फुकट आहे, गेमच्या पानावरूनच लोक नाव नोंदवतात, आत किती जण घ्यायचे ते तुम्ही ठरवता आणि प्लेटेस्टवर रिव्ह्यू लिहिता येत नाहीत. आधी पन्नास जणांना आत घ्या, मोठे क्रॅश दुरुस्त करा, मग पाचशे.

बग कळवायच्या फॉर्ममध्ये चारच गोष्टी मागा: आवृत्ती, काय करत होता, काय झालं, काय व्हायला हवं होतं. लॉग फाइल आणि स्क्रीनशॉट गेमनेच जोडावा, त्यासाठी एक बटण द्या. ‘अ‍ॅपडेटात जा, लोकललो उघडा, त्यात आमच्या स्टुडिओचं फोल्डर शोधा’ असं सांगितलं की दहापैकी नऊ जण तिथेच सोडून देतात.

कोणता बग आधी? आणि प्रकाशन कधी पुढे ढकलायचं?

चार खण करा. पहिल्यात क्रॅश, सेव्ह जाणं आणि खेळ पुढे सरकू न देणारे बग. दुसऱ्यात वाट आहे पण खेळाडूला सापडणार नाही असे. तिसऱ्यात दिसण्या-ऐकण्यातल्या चुका. चौथ्यात ‘झालं तर छान’. पहिल्या खणात एकही बग उरला तरी तारीख पुढे न्या. दुसऱ्या खणातले पहिल्या दोन तासांत येणारे असतील तर तेही थांबवण्यासारखे धरा. तिसऱ्या-चौथ्यासाठी थांबू नका.

जलद लुकलुकणारे झोत मात्र ‘दिसण्यातली चूक’ म्हणून तिसऱ्या खणात टाकू नका. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा पडद्याचा मोठा भाग लखलखत असेल तर फिट येणाऱ्या माणसाला खरा धोका असतो. तो पहिल्या खणातला बग आहे.

दोन तासांचं एवढं काय आहे?

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर कारण न सांगता पैसे परत मिळतात. जून २०१५ पासून हा नियम आहे. रिफंडच्या विनंतीत खेळाडू कारण लिहितात आणि ती कारणं तुम्हाला स्टीमवर्क्समध्ये वाचता येतात. प्रकाशनाच्या आठवड्यात रोज वाचा. रिव्ह्यू न लिहिणारा, रागावून निघून गेलेला खेळाडू फक्त तिथेच बोलतो.

रिव्ह्यूंचा एकत्रित शेरा दहा रिव्ह्यूंनंतर दिसतो. स्टीमवर विकत घेणाऱ्यांचेच रिव्ह्यू त्यात धरतात, कीवर मिळालेल्या प्रतींचे नाही. ७० टक्क्यांखाली सकारात्मक गेले की ‘मिश्र’ असा शेरा लागतो. म्हणजे पहिल्या दहा जणांतल्या चौघांचा गेम क्रॅश झाला तर पानावर ते आठवडाभर दिसत राहतं. रिव्ह्यूला उत्तर देताना वाद घालू नका. बग कोणत्या आवृत्तीत दुरुस्त झाला तेवढं लिहा. बरेच जण रिव्ह्यू बदलतात.

डेमोची तपासणी मूळ गेमइतकीच करायची का?

जास्तच करा. नेक्स्ट फेस्ट हा स्टीमचा डेमोंचा उत्सव वर्षातून तीनदा, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये असतो आणि एका गेमला एकदाच भाग घेता येतो. डेमोला स्वतंत्र पान दिलं तर त्यावर रिव्ह्यूही येतात. डेमोची सेव्ह मूळ गेममध्ये चालणार असं सांगितलं असेल तर ती शेवटच्या बिल्डवर पुन्हा तपासा. मधल्या महिन्यांत सेव्हचा साचा बदललेला असतो.

अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (गेम पूर्ण होण्याआधीच विकायची सोय) अर्धवट गेम चालतो ना?

कमी मजकूर चालतो, मोडका मजकूर चालत नाही. दहापैकी चार लेव्हल द्या, पण त्या चार पूर्ण असू द्या. किती काळ लागेल आणि पुढे काय येईल, हे सांगताना तारखांची वचनं टाळा.

प्रकाशनाच्या दिवशी आणि नंतर पॅच कसे द्यायचे?

स्टीमवर बिल्ड आधी पासवर्ड असलेल्या वेगळ्या ब्रँचवर (एकाच गेमची बिल्ड वेगवेगळ्या लोकांना द्यायची स्वतंत्र वाट) चढवा, तिथून उतरवून खेळा आणि मगच मुख्य ब्रँचवर लाइव्ह करा. तुमच्या डिस्कवरचं बिल्ड आणि स्टीमवरून उतरलेलं बिल्ड सारखंच असेल असं गृहीत धरू नका. चढवताना एखादी फाइल वगळली जाते. पॅच बिघडला तर मागचं बिल्ड लाइव्ह करणं दोन मिनिटांचं काम आहे. पण नव्या पॅचमध्ये सेव्हचा साचा बदलला असेल तर जुन्या बिल्डला नवी सेव्ह वाचता येत नाही आणि परतीची वाट बंद होते. सेव्हचा साचा बदलणारा पॅच एकटा द्या, त्यात दुसरं काही मिसळू नका.

भारतातून काम करताना वेळेचा हिशेब मांडा. स्टीमच्या सवलती पॅसिफिक वेळेनुसार सकाळी १० ला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री १०.३० आणि हिवाळ्यात ११.३०. त्या सुमारास प्रकाशन केलं तर पहिले क्रॅश मध्यरात्रीनंतर येतात. पाळ्या आधी वाटून घ्या, आणि दमलेल्या माणसाने पहाटे चारला पॅच लाइव्ह करू नये असा नियम ठेवा.

विकत घेतलेली चित्रं, मॉडेल, एआयने बनवलेला मजकूर वापरला तर ‘असेट फ्लिप’ ठरतो का?

विकत घेतलेले असेट वापरणं गैर नाही. विकत घेतलेला नमुना गेम जवळजवळ तसाच विकायला ठेवणं म्हणजे असेट फ्लिप, आणि स्टीमने अशा प्रकाशकांचे गेम एकगठ्ठा काढून टाकलेले आहेत. प्रत्येक असेटचं लायसन्स, खरेदीची पावती आणि तारीख एका तक्त्यात ठेवा. फाँट आणि आवाजांचीही. एआयचा वापर जानेवारी २०२४ पासून स्टीमला फॉर्ममध्ये सांगावा लागतो: आधी बनवून घातलेला मजकूर वेगळा, खेळताना तयार होणारा वेगळा. त्यातलं बरंचसं पानावर खेळाडूंनाही दिसतं.

आमचं खातं कुणी चोरलं तर?

तुमच्या नावाने मालवेअर खेळाडूंपर्यंत जाऊ शकतं. असे प्रकार घडल्यावर ऑक्टोबर २०२३ पासून स्टीमने मुख्य ब्रँचवर बिल्ड लाइव्ह करताना फोनवरून खात्री करून घेणं सक्तीचं केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘पायरेटफाय’ नावाचा गेमच मालवेअर निघाला आणि स्टीमला तो काढून खेळाडूंना सावध करावं लागलं. बिल्ड चढवण्यासाठी वेगळं, कमी अधिकारांचं खातं ठेवा आणि काम सोडून गेलेल्याचे अधिकार त्याच दिवशी काढा.

इतर दुकानांवर काय वेगळं आहे?

इच.आयओवर प्रकाशनाआधी अशी तपासणी नाही, त्यामुळे सगळं तुमच्यावर. मॅकसाठीची झिप विंडोजवर बनवली तर फाइल चालवायची परवानगी हरवते आणि गेम उघडत नाही. त्यांचं बटलर हे साधन वापरा. शिवाय मॅकवर अ‍ॅपलकडून नोटरायझेशन (गेममध्ये घातक काही नाही ना, याची तपासणी) करून घेतलं नसेल तर संगणक गेम उघडू देत नाही.

एपिकवरही फी १०० डॉलर आहे. गेम ऑनलाइन मल्टिप्लेअर असेल तर पीसीवरच्या इतर दुकानांतल्या खेळाडूंशी खेळता आलं पाहिजे, आणि दुसऱ्या दुकानावर अचिव्हमेंट असतील तर इथेही हव्यात.

कन्सोलवर खरी तपासणी होते. नियमांचा तपशील करारामुळे जाहीर करता येत नाही, पण कंट्रोलर सुटणं, खेळताना खातं बदलणं, जागा संपणं, झोपेतून परत येणं या परिस्थितींची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा. नापास झालं की पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. छोट्या टीमने सगळीकडे एकाच दिवशी यायचा हट्ट धरू नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये ऑगस्टला स्विचवर आणि ऑक्टोबरला पीसी व इतर कन्सोलवर आला. असं टप्प्याटप्प्याने येणं झेपतं.

गुगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी १२ टेस्टर सलग १४ दिवस ठेवून बंद चाचणी करावी लागते. प्रकाशनानंतर रोजच्या खेळाडूंपैकी १.०९ टक्क्यांहून अधिकांना क्रॅश किंवा ०.४७ टक्क्यांहून अधिकांना ‘प्रतिसाद देत नाही’ असं दिसलं तर दुकानात गेम मागे ढकलला जातो. एकाच मॉडेलच्या फोनवर हे प्रमाण ८ टक्क्यांवर गेलं तर त्या फोनवाल्यांना पानावर सूचनाही दिसू शकते. अ‍ॅपलच्या टेस्टफ्लाइटवर बाहेरचे १०,००० पर्यंत टेस्टर घेता येतात, पण प्रत्येक बिल्ड ९० दिवसांनी बंद पडतं.

गेम विकला जात असेपर्यंत तपासत राहायचं का?

हो, पण वर्षातून दोनदा पुरे. खालची जमीन हलते: २०१९ मध्ये मॅकवर ३२-बिट गेम चालायचे थांबले, १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ आणि ८ सोडले, अँड्रॉइडवर लक्ष्य आवृत्ती दरवर्षी वाढवावी लागते. यासाठी प्रकाशनाच्या दिवशीच इंजिनची नेमकी आवृत्ती, सगळे प्लगइन, साइनिंगच्या की आणि बिल्ड बनवायच्या पायऱ्या लिहिलेली एक फाइल असं सगळं एका डिस्कवर आणि एका दुसऱ्या ठिकाणी ठेवा. मग टीममधल्या ज्याने ते बिल्ड कधीच बनवलेलं नाही, त्याला ती फाइल देऊन रिकाम्या संगणकावर बिल्ड बनवायला सांगा. तो जिथे अडेल ती पायरी फाइलमध्ये लिहायची राहिलेली आहे.